सुताला पाणी, माणसाला धूळ

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, धूळ हा काय चळवळीचा विषय आहे का? अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, गायरान, हे आपले विषय. धूळ म्हणजे पर्यावरणवाल्यांचं काम. ज्यांच्याकडं मोकळा वेळ आहे, टेकडीवर फिरायला जायचे बूट आहेत, त्यांनी ते बघावं. आपण जातिअंताचं बघू.

मला हे मान्य नाही. का मान्य नाही ते सरळ लिहितो. कुणाला लागलं तर लागू द्या.

धुळीला जात नसते म्हणतात. साफ खोटं. धूळ उडते सगळीकडं, पण बसते ठरलेल्या ठिकाणी. कुठल्याही खडी क्रशरवर जा. जबड्याच्या तोंडाशी पहार घेऊन कोण उभा आहे ते बघा. वडार, बौद्ध, मांग, बंजारा, पारधी. कर्नाटक-तेलंगणातून आलेला आपल्यासारखाच भूमिहीन. मध्य प्रदेश, झारखंड, ओडिशाचा आदिवासी. आता वजनकाट्याच्या खोलीत काचेआड पंख्याखाली कोण बसलाय ते बघा. मग मला सांगा, धुळीला जात नाही.

वडाराच्या हातात व्यवस्थेनं सुतकी दिली आणि सांगितलं, फोड. त्यानं फोडलं. देवळं, किल्ले, विहिरी, धरणं, रेल्वे, रस्ते, सगळ्याच्या पायात त्याचा घाम आहे. महाराष्ट्राच्या यादीत तो विमुक्त जात, सीमा ओलांडून कर्नाटकात गेला की अनुसूचित जात. कागद बदलतो, दगड बदलत नाही. आता सुतकीच्या जागी ड्रिल आलं, पोकलेन आलं, क्रशर आला. यंत्र आलं म्हणजे माणूस सुटेल असं वाटलं होतं. झालं उलटं. हातानं फोडताना मूठभर धूळ व्हायची, यंत्रानं ती ढगानं होऊ लागली. आणि ढगाखाली तोच माणूस, त्याची बाई, पाळण्यातलं त्याचं पोर.

धूळ कुठं जन्मते

हे नीट समजून घेऊ. म्हणजे मालक 'दगडाचं काम हाय, धूळ उडणारच' म्हणाला की त्याला उत्तर देता येईल.

पहिली धूळ ड्रिलिंगची. सुरुंगासाठी कोरडं भोक पाडलं की पांढरा लोट उठतो आणि थेट ड्रिल धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. भोकात पाणी सोडत ड्रिल चालवलं तर तीच धूळ चिखल होऊन खाली वाहते. यंत्राला पाण्याची नळी जोडायची, एवढंच.

दुसरी सुरुंगाची. ती पुरती थांबत नाही. पण आधी जागा भिजवता येते, वाऱ्याची वेळ टाळता येते, धूळ खाली बसेपर्यंत माणूस लांब ठेवता येतो.

तिसरी रस्त्याची. डंपरची चाकं खदानीतली बारीक कच दळत जातात. टँकरनं पाणी मारा, रस्ता पक्का करा, वेग कमी ठेवा, मालावर ताडपत्री टाका.

चौथी क्रशरची, आणि ही सगळ्यात वाईट. जबड्यात दगड पडतो तिथं, चाळणी हलते तिथं, एका पट्ट्यावरनं दुसऱ्या पट्ट्यावर खडी उतरते तिथं, आणि शेवटी पट्ट्याच्या टोकावरनं ढिगावर पडते तिथं. दगड जिथं उंचावरनं पडतो तिथं धूळ. मग त्या जागा पत्र्यानं झाका. तिथं बारीक फवारे बसवा. पट्ट्याचं टोक ढिगाजवळ आणा. चाळणीला बंदिस्त करून आतली हवा ओढा आणि कापडी पिशव्यांच्या गाळणीतून सोडा. वाऱ्याच्या अंगाला भिंत घाला. कडेनं झाडांची दाट रांग लावा.

यात कुठं मोठं शास्त्र आलं? पंप, पाइप, नोझल, पत्रा. तालुक्याच्या गावातला फिटर हे सगळं बसवून देतो.

मालकाचं पहिलं रडगाणं: पाण्यानं कच चाळणीला चिकटते, चाळणी बुजते. बरोबर आहे, धो धो पाणी सोडलं तर बुजणारच. म्हणून फवारा बारीक हवा आणि मापात हवा. बारीक कणाला बारीक थेंबच धरतो, जाड धार नुसता दगड भिजवते. दुसरं रडगाणं: पाणी नाही. अरे, तूच खणलेला खड्डा पावसाळ्यात भरून वाहतो ना? त्यातलंच गाळ बसलेलं पाणी उचल आणि मार. पाणी आहे. द्यायची दानत नाही.

आणि ते रुमालाचं नाटक. फडकं वाटतात आणि फोटो काढतात. डोळ्याला दिसते ती जाड धूळ नाकातच अडते. मारते ती न दिसणारी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. जी धूळ फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यापर्यंत जाते ती ५ मायक्रॉनच्या आतबाहेरची. तिच्यासमोर रुमाल म्हणजे मच्छरापुढं कुंपणाची तार.

गिरणीतलं पाणी

मी सूतगिरणीत कामाला आहे. कार्डिंग खात्यात. गाठी फुटतात, कापूस पिंजला जातो, त्याची धूळ मी ओळखतो. आठवड्याची सुट्टी घेऊन परत कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळून येते. या दुखण्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे, बिसिनोसिस. आमच्याकडं त्याला नाव नाही. आमच्याकडं त्याला 'सवय होईल' म्हणतात.

पण गिरणीत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कताई खात्यात चोवीस तास हवा ओली ठेवतात. त्यासाठी वेगळा प्लँट आहे. पाण्याचा बारीक तुषार हवेत मिसळून आत सोडतात. का? तर हवा कोरडी झाली की सूत तुटतं. ओल जरा कमी झाली की सुपरवायझर धावत येतो. यंत्राला हवा ओढणारे पाइपही आहेत, धाग्यावर तूस बसू नये म्हणून.

म्हणजे बघा दोस्तांनो. सूत तुटू नये म्हणून भांडवलदार हवेत पाणी देतो. दगड फोडणाऱ्याचं फुप्फुस फाटू नये म्हणून देत नाही. तंत्र तेच, पंप तोच, पाणी तेच. फरक एवढाच की सूत विकलं जातं आणि फुप्फुसाला बाजारभाव नाही. यापुढं मला कुणी म्हणू नये की धूळ थांबवणं परवडत नाही. माल वाचवायला परवडतं. माणूस वाचवायला परवडत नाही.

निकाल जुना, धूळ ताजी

१९८२ साली बंधुआ मुक्ती मोर्चानं हरियाणातल्या फरीदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांबद्दल सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. कोर्टानं त्या पत्रालाच अर्ज मानलं. १६ डिसेंबर १९८३ ला न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं निकाल दिला. त्यात धुळीबद्दल स्पष्ट हुकूम आहे: क्रशरच्या वर पाण्याचे ड्रम ठेवून दगडावर सतत फवारा मारा, नाहीतर धूळ ओढणारं यंत्र बसवा. १९८३! माझा जन्मही नव्हता. आजही तालुक्यातालुक्यात असा क्रशर दाखवतो की ज्याच्यावर ना ड्रम, ना फवारा, ना यंत्र.

पुढं पर्यावरण संरक्षण नियमांत क्रशरसाठी माप ठरलं. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेत तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे. शिवाय धूळ कोंडणारी आणि दाबणारी व्यवस्था, वारा अडवणारी भिंत, आवारातले पक्के रस्ते, जमीन नियमित झाडणं-भिजवणं, कडेनं हिरवा पट्टा. सगळं लिहिलेलं आहे.

आता दुसरं माप ऐका. २००९ च्या राष्ट्रीय मानकात, वस्तीतल्या हवेत १० मायक्रॉनच्या आतली धूळ चोवीस तासांच्या सरासरीनं १०० च्या आत पाहिजे. मोजायची रीत वेगळी, त्यामुळं दोन्ही आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, हे मला कळतं. पण माझा सवाल आकड्याचा नाही, झोपडीचा आहे. कामगाराची झोपडी क्रशरच्या आवारातच असते. चूल तिथंच, पाळणा तिथंच. मग त्या पाळण्याला कुठलं माप लागू? यंत्राचं की माणसाचं? आपली माणसं कागदावर यंत्राच्या बाजूला धरलेली आहेत. 'आवार' म्हटलं की वस्ती गायब.

टीबी म्हणून मेलेली माणसं

धुळीतल्या सुट्या स्फटिक सिलिकानं फुप्फुसात चट्टे पडतात. तो सिलिकोसिस. पडलेला चट्टा परत जात नाही. औषध नाही. वर टीबी लवकर धरतो. सरकारी दवाखान्यात गेलं की टीबीचा पेपर काढतात, गोळ्या देतात, माणूस मरतो, आणि कागदावर टीबी राहतो. टीबी झाला तर दोष कुणाचा? घाणेरड्या वस्तीचा, दारूचा, बिडीचा. सिलिकोसिस झाला तर दोष मालकाचा. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या यादीत हा रोग होता. १९५२ च्या खाण कायद्याखाली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याखाली हा रोग सरकारला कळवायचा रोग होता, पुढं २०२० च्या संहितेच्या यादीतही तो आला. एका शब्दाच्या फरकानं मालक सुटतो. म्हणून तो शब्द लिहिला जात नाही.

गुजरातमधे गोध्र्याकडं क्वार्ट्झ दगड दळणारे कारखाने. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआकडचे आदिवासी तिथं पोटासाठी गेले आणि छातीत दगड घेऊन परत आले. २०१० साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २३८ मेलेल्या माणसांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्या म्हणून सांगितलं. ते पैसे द्यायला लावण्यासाठी २०१६ साली सुप्रीम कोर्टाला हुकूम काढावा लागला. राजस्थाननं २०१९ साली या रोगासाठी धोरण केलं, कारण तिथं खाणकामगारांनी आणि त्यांच्या विधवांनी तो शब्द सरकारच्या तोंडातून वदवून घेतला.

इथं आपल्याकडचा शहाणा म्हणेल, महाराष्ट्रातला काळा दगड बेसाल्ट आहे, त्यात सुटं सिलिका फार कमी, गोध्र्याची गोष्ट इकडं लावू नका. त्याचं अर्धं खरं आहे. सह्याद्रीच्या काळ्या दगडात क्वार्ट्झ कमीच. पण म्हणून ती धूळ गुलाल झाली का? बारीक धूळ कुठलीही असो, दिवसाला आठ-दहा तास, वर्षानुवर्षं ओढली की दम लागतो, खोकला जडतो, छाती भरते. आणि सगळा महाराष्ट्र बेसाल्टचा नाही. पूर्व विदर्भात आणि तळकोकणात क्वार्ट्झवाले जुने दगड आहेत. प्रश्न साधा आहे: तुझ्या खदानीतली धूळ तपासलीस का? कामगारांचे एक्सरे काढलेस का? दाखव. नाही दाखवत. कारण मस्टरवर नावच नाही. नाव नाही म्हणून कामगार नाही, कामगार नाही म्हणून रोगही नाही. मनूनं आपल्याला गावाबाहेर ठेवलं, यानं कागदाबाहेर ठेवलं.

खड्डा कुणाचा, जमीन कुणाची

आता जमिनीचं बोलू. हा भाग आपले कार्यकर्ते सोडूनच देतात.

दगड संपला की मालक यंत्र उचलतो आणि पुढच्या डोंगराला लागतो. मागं राहतो खड्डा. उभे कडे, तळाला हिरवं पाणी, भोवती कचीचे ढीग. दरवर्षी पावसाळ्यात खदानीत पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. ती पोरं कुणाची असतात? ज्यांच्या घरी नळ नाही आणि ज्यांच्या बाया धुणं घेऊन तिथं जातात त्यांची. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते माणूस म्हणून जगण्यासाठी. आज आपल्या पोरांना पाणी मिळतंय ते मरण्यासाठी. त्या खड्ड्याला साधं कुंपण नाही.

पुण्यात वेताळ टेकडीवर जुनी खदान आहे. तिच्यात पाणी साठतं, पक्षी येतात, सकाळी लोक फिरायला येतात, ती वाचावी म्हणून झगडतात. झगडावंच. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की त्याच शहराच्या पूर्वेला वाघोलीकडं ज्या खदानींच्या खडीवर हे शहर उभं राहिलं, तिथल्या दगडफोड्याच्या वाट्याला असा एक तरी सुंदर खड्डा येणार आहे का?

जमीन परत उभी करता येते. त्याची रीत आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून सुरू होते. खदान उघडताना वरची माती खरवडून वेगळी साठवायची, मुरूम वेगळा. ही माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, पोकलेनला एक सकाळ पुरते. कडा सरळ उभा न कापता पायऱ्यांनी उतरत जायचं, म्हणजे दरड माणसावर येत नाही आणि पुढं त्या पायऱ्यांवर झाड धरता येतं. काम संपलेल्या भागात टाकाऊ दगड आणि मुरूम भरायचा, उतार द्यायचा, वर राखलेली माती पसरायची. आधी गवत आणि शेवरी-तागासारखी जमीन सुधारणारी पिकं. मग बाभूळ, बोर, करंज, कडुनिंब, पळस. दोन-तीन उन्हाळे पाणी आणि राखण. दगड तर विकून गेला, त्यामुळं सगळा खड्डा भरत नाही, हे उघड आहे. जो भरत नाही त्याचं तळं करायचं: एका बाजूनं उताराचा घाट, बाकी बाजूंनी कुंपण, कचीचं पाणी शेतात उतरू नये म्हणून चर.

मालक काय करतो? पाच जूनला गेटवर गुलमोहराची दहा रोपं लावतो, तहसीलदाराबरोबर फोटो काढतो. सहा जूनला शेळी येते.

कायदा इथंही आहे. गौण खनिजाच्या खाणी पाच हेक्टरच्या आत तुकडे पाडून परवानगीतनं सुटायच्या. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती पळवाट बुजवली, लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागेल म्हणाले. पळणाऱ्याला अजून वाटा सापडतात, कारण मागं धावणारं कुणी नाही.

आणि मुद्दा नुसत्या झाडांचा नाही. भूमिहीन माणूस गायरानावर दोन एकर नांगरतो तेव्हा ते अतिक्रमण. खाणवाला सरकारी जमीन मागतो तेव्हा तो भाडेपट्टा. एकाला पोलीस, एकाला सात-बारावर नोंद. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. त्या लढ्याचं पुढचं पान इथं आहे. खाण संपलेली सरकारी जमीन मालकाच्या खर्चानं दुरुस्त झाली पाहिजे, आणि दुरुस्त झालेली जमीन ज्यांनी तिथं दगड फोडला त्यांना मिळाली पाहिजे. घरासाठी, गवतासाठी, फळझाडासाठी, तळ्यातल्या मासळीसाठी. धूळ आम्ही खाल्ली तर माती पण आमची.

दोन तोंडांशी भांडण

पहिलं तोंड निसर्गवाल्यांचं. ते म्हणतात, खाणी बंद करा. बंद करा म्हणणाऱ्याचं घर कशाचं आहे? सिमेंट आणि खडीचं. खाण बंद झाली की मालक दुसरीकडं जातो, कामगार रस्त्यावर येतो. पोट की फुप्फुस, असा सवाल आम्हाला टाकू नका. आम्हाला दोन्ही पाहिजे. फवाऱ्याखाली चालणारी खाण, मस्टरवर नाव, पुरी मजुरी, आणि काम संपल्यावर जमीन.

दुसरं तोंड आपल्याच पुढाऱ्यांचं. १४ एप्रिलची कमान खाणवाल्याच्या पैशानं उभी राहते. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो, खाली कोपऱ्यात 'सौजन्य' म्हणून क्रशरचं नाव. वर्गणी देणाऱ्याच्या क्रशरवर मोर्चा कसा न्यायचा? म्हणून धूळ हा चळवळीचा विषय नसतो! आता तर आपलेच काहीजण भाडेपट्ट्यात भागीदार झालेत. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून धूळ कमी होत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते. डिसेंबर १९४३ मधे ते धनबादकडच्या कोळसा खाणी बघायला गेले. ऑफिसात बसून अहवाल वाचला नाही, खाली खाणीत उतरले, मजुरांच्या वस्त्या बघितल्या. १९४४ साली कोळसा खाण मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. ज्यांचा नेता खाणीत उतरला त्यांच्या कार्यकर्त्यांना क्रशरच्या गेटवर जायला लाज का वाटावी?

करायचं काय

भाषण पुरे. कामं सांगतो.

१. आपल्या तालुक्यातल्या क्रशरची यादी करा. प्रत्येकाचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, खाणपट्ट्याचा नकाशा आणि मुदत, पर्यावरण मंजुरी आणि खाण बंद करायचा आराखडा, हे माहिती अधिकारात मागा. संमतीपत्रावर अटी छापलेल्या असतात. त्या मराठीत उतरवून वस्तीत वाचून दाखवा.

२. फवारे, झाकणं, भिंत, ओलं ड्रिलिंग आहे का ते डोळ्यानं बघा. तारीख-वेळ टाकून फोटो घ्या. अधिकारी येतात त्या दिवशी पाणी चालू असतं. तुम्ही इतर दिवशी जा.

३. मस्टर, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी. हे नसेल तर साध्या वहीत कामगारांनी स्वतः हजेरी मांडावी, कुठल्या क्रशरवर किती वर्षं काम केलं ते लिहावं. उद्या रोग सिद्ध करताना हीच वही कामी येते.

४. दवाखान्यात डॉक्टरला पहिल्यांदा काम सांगा, मग खोकला. 'मी दगडाच्या धुळीत इतकी वर्षं आहे' हे केसपेपरवर लिहून घ्या. छातीचा एक्सरे जपून ठेवा.

५. २०१५ च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खाणीनं बाधित माणसासाठी तो निधी आहे. आपल्या जिल्ह्यात तो कुठं खर्च झाला, क्रशरच्या वस्तीवर किती आला, विचारा.

६. सोडून दिलेल्या प्रत्येक खड्ड्याला आधी कुंपण. मग जमीन दुरुस्ती. मग वाटप. ग्रामसभेत ठराव मांडा, पडला तर परत मांडा.

७. जयंतीला क्रशरचा पैसा नको. कमान लहान झाली तरी चालेल.

कविता लिहिणाऱ्या दोस्तांना एक सांगणं. आपल्या कवितेत आग फार झाली, सूर्य फार झाला. थोडी धूळ येऊ द्या. ब्रासवर मोजलेल्या खडीत किती श्वास गेले ते लिहा. आणि लिहून झालं की वही मिटून क्रशरवर जा, कारण नोझल कवितेनं बसत नाही. ते बसवायला मालकाला भाग पाडावं लागतं.

जय भीम.